वर कोण?

त्या वर्षी पाऊस सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसून गेला, आणि दोरवाल्याच्या घरी मात्र काम चालून आलं. त्याचा धंदाच तसा होता. लोकांच्या विहिरी आटल्या की त्या खोल करायला याला बोलावणं यायचं. जगाच्या घशाला कोरड पडली की याच्या चुलीवर भांडं चढायचं. रविवारी चर्चमध्ये सगळी मंडळी डोळे मिटून पावसासाठी प्रार्थना करायची, तेव्हा दोरवाला आणि त्याचा मेहुणा 'आमेन' म्हणायचे खरे, पण जरा हळूच.

त्याची बायको त्याला कोपरानं ढोसायची. "मोठ्यानं म्हणा की. देवाला काय कळत नाही होय?"

"कळतं म्हणूनच हळू म्हणतो," तो पुटपुटायचा.

धंदा दोघांचा होता. वर दोरवाला, खाली मेहुणा. हा मेहुणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लहानपणी कधीही शोधा, पाण्याच्या कडेलाच सापडायचा, म्हणून त्याला बेडूक म्हणायचे. पुढे पोटही विहिरीतच भरायला लागला, तेव्हा ते नाव चिकटलं ते कायमचं. रागावली की त्याची स्वतःची पोरंसुद्धा त्याला बेडूकच म्हणायची.

विहिरीच्या तोंडावर तीन जाड वासे एकत्र बांधून उभे करायचे, त्यांना कप्पी टांगायची, कप्पीवरून दोर सोडायचा. शेजारी जमिनीत एक खुंट ठोकलेला असायचा. दोराला खुंटाचा एक वेढा देऊन दोरवाला तो कमरेमागून घ्यायचा आणि दोन्ही हातांनी थोडा थोडा सोडत जायचा. दोराच्या फासात पाय अडकवून, काखेत पहार धरून बेडूक खाली. तिथं तो दिवसभर खडक फोडायचा, घमेली भरायचा, आणि वर दोरवाला ती ओढून घ्यायचा. घामानं दोघंही भिजायचे. फरक एवढाच, की वरचा उन्हानं भिजायचा आणि खालचा कोंडलेल्या हवेनं.

उतरण्याआधी बेडूक काठावर उभा राहून विचारायचा, "वर कोण?"

दोरवाला म्हणायचा, "वर प्रभू. त्याच्या खाली मी."

"मग सोडा."

पहिल्यांदा उतरताना त्या पोरानं खरंच घाबरून विचारलं होतं. नंतर त्याची थट्टा झाली. आणि वर्षानुवर्षं रोज म्हणून म्हणून शेवटी तीच त्या दोघांची प्रार्थना होऊन बसली. ती ऐकल्याशिवाय बेडकाचा पाय फासात पडायचा नाही.

त्या वर्षीचं सगळ्यात मोठं काम अजून व्हायचं होतं. चर्चच्या आवारातली विहीर तळाला गेली होती आणि खाली अखंड खडक लागला होता. पूर्ण हंगाम पुरेल एवढं ते काम. मंडळीचे पाळक दुसऱ्या गावी राहायचे, महिन्यातून एकदा यायचे. बाकी सगळं कारभारी बघायचे: चर्चची किल्ली, दुरुस्त्या, आणि पाळक नसतील त्या रविवारची प्रार्थनाही. कारभाऱ्यांनी दोरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "तुमच्याशिवाय आहे कोण आम्हाला? आपल्या माणसाचं काम आपल्याच माणसाला." दोरवाल्यानं त्या शब्दावर दुसरी दोन कामं सोडून दिली होती.

आणि तेव्हाच एका सकाळी चहाचा पेला त्याच्या हातातून निसटला.

"ओला होता," तो म्हणाला.

बायकोनं तुकडे गोळा केले. मग तो सदरा चढवून उभा राहिला आणि वरचं बटण त्याला काही लागेना. बोटं काजाच्या आसपास फिरत राहिली. तिनं पुढे होऊन बटण लावलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"झोपेचं सोंग आणू नका. हात कधीपासून असा आहे?"

त्यानं उजवा हात पाठीमागे नेला, चोरी सापडलेल्या पोरासारखा. "थंडीपासून. तीन बोटं आहेत की नाहीत तेच कळत नाही. आधी मुंग्या यायच्या, आता त्याही येत नाहीत."

"आणि माझा भाऊ त्याच बोटांच्या जिवावर लटकतो."

"खुंटाला हल्ली दोन वेढे देतो मी. भार सगळा वेढाच धरतो. चर्चच्या विहिरीचं काम तेवढं होऊ दे, मग शहरात जाऊन दाखवतो. पण तोवर हे उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. दोरवाल्याचा हात गेला असं एकदा लोकांना कळलं, की कुणी बकरी बांधायलासुद्धा बोलावणार नाही मला. हो म्हण."

मंडळीत शपथा वाहणं बसत नव्हतं. 'हो' म्हणजे हो, तीच शपथ. ती हो म्हणाली.

थोड्या दिवसांनी ती दुपारचं जेवण घेऊन कामावर गेली, तेव्हा बेडूक वर येत होता. त्याचं मातीनं माखलेलं डोकं काठाच्या वर दिसायला लागलं होतं, आणि एकदम ते दिसेनासं झालं. दोर हातभर घसरला. वासे करकरले. दोरवाल्यानं सगळं अंग मागे टाकून खुंटाला पाय लावला आणि दोर थांबला.

खालून हसण्याचा आवाज आला. "काय दाजी, डुलकी लागली काय?"

बेडूक वर आला, हातपाय धुतले, आणि जेवायला बसून कुणाच्या तरी म्हशीची गोष्ट रंगवून सांगायला लागला. ती नवऱ्याकडे बघत होती. दोरानं त्याच्या तळहाताची साल निघाली होती, रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं, आणि तो तसाच घास उचलत होता.

"अहो, रक्त," ती हळूच म्हणाली, तेव्हा कुठे त्यानं हाताकडे पाहिलं.

त्या वेळी ती बोलायला हवी होती. भाऊ समोर बसला होता, हातभर अंतरावर. शब्द तोंडापर्यंत आलेही. पण बोलली असती तर भाऊ तिथल्या तिथे दुसरा जोडीदार शोधायला निघाला असता, नवरा घरी बसला असता, चर्चचं काम गेलं असतं, आणि दिलेला शब्दही मोडला असता. तिनं भावाच्या ताटात आणखी वाढलं. मनात म्हणाली, प्रभू, तुझ्यावर सोपवते. एवढं करून तिला हलकंही वाटलं. देवावर सोपवलेल्या गोष्टीला माणसानं पुन्हा हात लावायचा नसतो, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती.

तरी घरी आल्यावर देवाकडे एकटीनं मागणं तिला थोडं वाटलं. म्हणून बुधवारी ती कारभारीणकाकूंकडे गेली.

काकू म्हणजे मंडळीतल्या बायकांची हक्काची जागा. कुणाचं मूल आजारी असो, कुणाची सून रुसलेली असो, काकू दोन्ही हात हातात घेऊन प्रार्थना करायच्या आणि करताना खरोखर रडायच्या. तिनं सगळं सांगितलं. पेला, बटण, रक्त, घसरलेला दोर. काकूंनी डोळे पुसले.

"कुणाला बोलू नका, काकू. यांना मी शब्द दिलाय."

"अगं वेडे, हे आपल्या दोघींत आणि प्रभूत," काकू म्हणाल्या, आणि इतकी मनापासून प्रार्थना केली, की ती परत येताना रस्त्यात गुणगुणत होती.

रविवारी पाळक नव्हते. कारभारी पुढे उभे राहिले. आधी पावसासाठी प्रार्थना झाली, मग आजाऱ्यांसाठी, मग प्रवासातल्यांसाठी. सगळ्यांच्या माना खाली, डोळे मिटलेले. आणि मग कारभाऱ्यांचा आवाज जरा ओलसर झाला.

"हे दयाळू बापा, आमच्यात एक भाऊ आहे, जो दोर धरून आपलं घर चालवतो. त्याच्या उजव्या हातातलं बळ गेलं आहे. बोटं बधिर झाली आहेत, बापा, आणि लाजेपोटी तो हे लपवतो आहे. त्याची लाज दूर कर. आणि जो भाऊ त्या हाताच्या भरवशावर रोज खोल उतरतो, त्याला राख."

प्रार्थनेत कुणी कुणाला अडवत नाही. भर बाजारात कुणी असं बोललं असतं तर त्याची गचांडी धरता आली असती. इथं देवाशी बोलणं चाललं होतं, आणि देवाशी बोलणाऱ्या माणसाला 'गप्प बस' म्हणायची रीत नव्हती. तिनं डोळे उघडले. शेजारी नवऱ्याचेही डोळे उघडे होते आणि तो मांडीवर ठेवलेल्या आपल्या हाताकडे बघत होता. तिनं मान वळवली. मागच्या रांगेत, सगळ्या मिटलेल्या डोळ्यांमध्ये, भावाचे डोळे उघडे होते. ते दोरवाल्याकडे नव्हते बघत. तिच्याकडे बघत होते.

"आमेन," मंडळी म्हणाली. सवयीनं दोरवाल्याच्याही तोंडून निघून गेलं, आणि या वेळी ते हळू नव्हतं.

बाहेर उन्हात भाऊ चपला घालत होता. ती धावत गेली.

"ताई, तुला ठाऊक होतं?"

ती त्याच्या चपलांकडे बघायला लागली.

"त्या दिवशी दोर घसरला, तू तिथंच होतीस. मी हसलो. मला वाढलंस वर. तेव्हा ठाऊक होतं?"

"मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करत होते रे."

"प्रार्थना," तो म्हणाला. चपलेचा पट्टा त्याच्या बोटांत तसाच राहिला. "दाजींचं मी समजू शकतो. माणूस पोटाला भितो. पण तू? देवाला सांगितलंस. काकूंना सांगितलंस. खाली मी होतो, ताई. मला नाही सांगितलंस."

त्याची बायको पोरांना घेऊन पुढे निघून गेली होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. तोही गेला.

घरी दोरवाला सदरा न काढताच आडवा झाला. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "देवाला सांगितलंस की गावाला?"

"देवालाच सांगत होते. काकू शेजारी होत्या."

"मग देवाकडूनच फुटलं म्हणायचं," तो म्हणाला. हसायची गोष्ट होती, पण दोघांपैकी कुणी हसलं नाही.

दुसऱ्याच दिवशी कारभारी घरी आले, चहा घेतला, दोरवाल्याच्या पाठीवरून हात फिरवला. "जिवाचं काम आहे बाबा. उद्या काही बरंवाईट झालं तर मंडळीनं तोंड कुठं दाखवायचं? माझा पुतण्या यंत्राची यारी आणतोय. दगड उचलायला माणसाचं बळच लागत नाही तिला. तू मनाला लावून घेऊ नकोस. आम्ही रोज तुझ्यासाठी प्रार्थना करू."

आणि मंडळी खरोखरच करायला लागली. रोज कुणीतरी हात बघायला यायचं. कुणी बोटं ओढून बघायचं, कुणी चिमटा काढायचं. "लागतं का? नाही? अरेरे." शेजारीण त्याच्या हातातली कळशी काढून घ्यायची. "राहू द्या, पडेल." तो नाही म्हणायचा, तरी घ्यायची. वीस माणसांचा भार तोलणारा तो गडी, पण आता गल्लीतली पोरं त्याला वाट देताना बाजूला सरकायची, हात लागून मोडेल म्हणून. अंगणात दोराचं वेटोळं पडून होतं. येता-जाता तो त्याला वळसा घालून जायचा.

त्याच आठवड्यात एका दुपारी ती काकूंच्या घरी गेली. अंगणात ताडपत्री अर्धी बाजूला करून कारभाऱ्यांचा पुतण्या यारीच्या चाकाला तेल देत होता. लोखंडी, हिरव्या रंगाची, चांगली दणकट होती यारी.

"नवी दिसते," ती म्हणाली.

"नवीच. शुक्रवारी आणली," पुतण्या खुशीत म्हणाला. "काकांनी निरोप धाडला, काम पक्कं आहे, लगेच घेऊन ये."

काकू पडवीत सुपात धान्य घेऊन खडे निवडत बसल्या होत्या. ती त्यांच्यासमोर उभीच राहिली.

"बस ना ग," काकू म्हणाल्या. "तू रागावली असशील. पण मी बाहेर कुठं बोलले? फक्त यांना सांगितलं, तेही प्रार्थनेत आठवण ठेवा म्हणून. नवऱ्याला सांगणं म्हणजे काय बाहेर सांगणं झालं? आणि प्रार्थनेत सांगितलेल्या गोष्टीला कुणी चहाडी म्हणतं का?"

"काकू, मी तुम्हाला बुधवारी सांगितलं. प्रार्थना रविवारी झाली. यारी शुक्रवारी आली."

काकूंच्या चिमटीत एक खडा होता. तो बाहेर टाकायच्या ऐवजी त्यांनी परत सुपातच टाकला. थोडा वेळ बोटं नुसती धान्यात फिरत राहिली.

"यांच्या मनात काय असतं ते हे मला सांगतात थोडंच," त्या म्हणाल्या. मग आवाज चढवून, "आणि काही झालं तरी तुझ्या भावाचा जीव वाचला, हे तर मानशील?"

सगळ्यात जास्त तिला हेच लागलं. कारण ते खरं होतं. चुकीच्या माणसानं, चुकीच्या कारणासाठी, पण जे तिनं करायला हवं होतं ते केलं होतं. चोरानं घरात शिरून आग विझवावी आणि जाताना दागिने न्यावेत, तसं झालं होतं. आता चोर म्हणायचं कुठल्या तोंडानं?

महिनाअखेरीस पाळक आले. त्या रविवारी प्रभुभोजन होतं. मंडळीची रीत अशी, की भाकरीचा तुकडा हातात घेण्याआधी सगळ्यांनी उठायचं, आणि ज्याचं ज्याच्याशी बिनसलं असेल त्यानं त्याच्याकडे जाऊन हात पुढे करायचा. एरवी ते दोन मिनिटांत उरकायचं. नवरा-बायको हसत एकमेकांचे हात धरायचे, पोरं उगाच सगळ्यांना हात देत पळायची. त्या दिवशी कारभारी सरळ दोरवाल्याकडे आले, आणि सगळ्यांना दिसेल असा त्याचा उजवा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"कारभारी, जरा जोरात दाबा," दोरवाला म्हणाला. "मला काही जाणवत नाही."

कुणीतरी खोकल्यासारखं केलं. कारभाऱ्यांनी हात सोडला आणि ते घाईनं पुढच्या माणसाकडे वळले.

काकू तिच्यासमोर आल्या. डोळे भरलेले. खोटे नव्हते ते, काकूंचं रडणं कधीच खोटं नसायचं. तिनं हात दिला.

"हात घ्या, काकू. मनातलं मात्र पुन्हा मागू नका."

मग तिनं मागे पाहिलं. भाऊ आपल्या जागी बसूनच होता. तिची त्याची नजर भेटली, तसा तो उठला, बाकाच्या कडेकडेनं दाराकडे गेला आणि बाहेर पडला.

पाळक तबक घेऊन रांगेतून येत होते. इतके दिवस ती स्वतःला गंडवलेली समजत होती. काकूंनी आपला घात केला, एवढंच तिनं उराशी धरलं होतं, आणि आजही ती इथं आली होती ती माफी देणारी म्हणून. माफी मागायची तिच्याकडे होती हे तिला आता, भाकर दोन माणसांवर आली असताना, स्वच्छ दिसलं. त्या रिकाम्या दाराकडे बघताना तिला मनस्वी शरम वाटली. ती उठली आणि तुकडा न घेताच बाहेर आली. लोकांना वाटलं, हिचा राग अजून गेलेला नाही.

भाऊ घराच्या पायरीवर पहारीचं टोक दगडावर घासत बसला होता. ती समोर उभी राहिली.

"माझं चुकलं रे."

"बरं."

"माफ केलंस?"

"केलं." पहार घासणं थांबलं नाही. "आपल्यात करावंच लागतं."

"मग असा का बसलास?"

त्यानं अंगठ्यानं टोकाची धार बघितली. "माफ करणं वेगळं, ताई, आणि खाली उतरणं वेगळं."

ती पायरीवर बसली. आतून त्याची बायको डोकावून गेली. मग तोच बोलला. ओढ्यापलीकडच्या भाजीवाल्या म्हातारीची विहीर खोल करायची होती. विहीर अरुंद, काठ भुसभुशीत, त्यामुळे यारी तिथं उभी राहीना. म्हातारीची रोपं माना टाकायला लागली होती. काम त्याला मिळालं होतं, पण दोरावर माणूस मिळत नव्हता. ज्याला त्याला यारीवर काम हवं होतं.

"मी धरते," ती म्हणाली.

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "कमरेचा जोर लागतो."

"जन्मभर घागरी वाहिल्या, त्या काय वाऱ्यानं उचलल्या?"

तो हसला नाही. पण नाहीही म्हणाला नाही. "सकाळी ये. दाजींना घेऊन ये. खुंट कुठं ठोकायचा ते त्यांच्याएवढं कुणाला कळत नाही."

दोरवाला यायला तयार होईल असं तिला वाटलं नव्हतं. सकाळी मात्र तिच्याआधी उठला आणि अंगणातलं दोराचं वेटोळं डाव्या खांद्यावर टाकून चालायला लागला.

म्हातारीच्या विहिरीजवळ एक जुनं चिंचेचं झाड होतं. दोरवाल्यानं वासे उभे करून घेतले, डाव्या हातानं घण मारून खुंट ठोकला, दोन ठोके चुकले तरी थांबला नाही. मग त्यानं एक जुनं पोतं घडी करून तिच्या कमरेला मागून लावलं आणि वरून फडकं गुंडाळलं. गाठ एका हातानं बसेना, तेव्हा त्यानं वाकून फडक्याचं एक टोक दातात धरलं आणि गाठ आवळली. त्या प्रार्थनेच्या रविवारपासून तो तिच्या इतक्या जवळ आला नव्हता.

"हातानं धरू नकोस," तो म्हणाला. "अंगानं धर. हात फसवतात."

बेडूक पहार घेऊन आला. त्याच्या खांद्यावर आणखी एक दोर होता, नवा कोरा. तो विहिरीकडे न जाता आधी चिंचेपाशी गेला. नव्या दोराचं एक टोक त्यानं बुंध्याला बांधलं, ओढून बघितलं, पुन्हा बांधलं. दुसरं टोक आपल्या छातीभोवती घेतलं. इतक्या वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. दोरवाला दुसरीकडे बघायला लागला. म्हातारी सहज म्हणाली, "दोन दोर कशाला रे?"

"एक धरायला, एक असू दे," तो म्हणाला.

तिनं आपला दोर खुंटाला वेढा देऊन कमरेमागून घेतला आणि पाय रोवून उभी राहिली. भाऊ काठावर आला. फासात पाय घातला. ती वाट बघत होती. आता विचारेल, आता विचारेल, असं तिला वाटत होतं, आणि उत्तर तिनं रात्रभर मनात घोळवलेलं होतं.

त्यानं विचारलं नाही. चिंचेचा दोर हिसका देऊन एकदा तपासला, तिच्याकडे न बघताच मान हलवली, आणि काठ सोडला.

सगळा भार एकदम तिच्या कमरेवर आला. पायाखालची माती सरकली, पोतं हाडांत रुतलं, श्वास कोंडला. "दे," नवरा म्हणाला. "थोडा दे. थांब. दे." ती देत गेली. भावाचं डोकं काठाखाली गेलं, मग दिसेनासं झालं. चिंचेकडचा नवा दोर तिच्या शेजारून सैल, रिकामा, सरसरत आत जात होता. शेवटी तिच्या दोरावरचा भार गेला, म्हणजे तो तळाला टेकला होता.

तिनं विहिरीच्या तोंडाशी वाकून पाहिलं. खाली काळोखच होता.

"वर मी आहे रे," ती म्हणाली.

थोड्या वेळानं खडकावर पहारीचा पहिला घाव ऐकू आला, आणि तिनं दोर कमरेशी आणखी आवळून घेतला.